मागे बसणारा मजीद

आज सकाळपासून आमच्या कार्यालयाचे काचेचे दार आपोआप उघडते आहे आणि आपोआप आपटते आहे. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, फोटोकॉपीच्या यंत्राला पाठ लावून माझे टेबल आहे. या दाराने आजवर कोणाकोणाला आत घेतले ते मला पुष्कळसे आठवते. परंतु वर्षातून काही दिवस असे येतात की हे दार माणसाची वाट न पाहता नुसत्या हवेलाच आत घेते. येथील लोक या दिवसांना सरायात म्हणतात. थंडी गेलेली असते, उन्हाळा अजून पुरता बसलेला नसतो आणि दोहोंच्या मधल्या फटीतून वादळे सुटतात. सकाळी आकाश घासलेल्या पितळी ताटासारखे लख्ख असते. दुपारी कोणीतरी वरून पीठ चाळावे तशी धूळ उतरू लागते, भर दिवसा दुकानांत दिवे लागतात, दातांखाली माती करकरते. मग एखादी वीज, चिखलाचे चार थेंब, गाड्यांच्या टपांवर तपकिरी ठिपके. आणि पुन्हा सारे असे निवांत की घडले ते खरे होते की भास, अशी शंका यावी.

या दिवसांत मला एका जागी बसवत नाही. ज्याचा व्यवसायच बसण्याचा आहे अशा माणसाने हे लिहावे हे थोडे विपरीत आहे, पण तसे आहे खरे. मी उठतो, दाराला खुर्ची लावतो, खुर्ची सरकते, मी पुन्हा उठतो. समोरच्या टेबलावर परवापासून एक अर्ज अर्धवट पडलेला आहे. तो ज्याचा आहे तो मनुष्य परवा याच वाऱ्याबरोबर आत आला आणि त्याला पाहून मला बऱ्याच वर्षांपूर्वीची एक सरायात इतकी स्वच्छ आठवली की हातातले लेखन तसेच राहिले. असे माझ्या हातून सहसा होत नाही.

माझा व्यवसाय अर्जनवीसाचा. शालेय शिक्षण म्हणाल तर ते मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढचे सर्व मी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर शिकलो. आज मराठी, हिंदी आणि अरबी या तीन भाषांत विनंती कशी करावी हे मला ज्या प्रकारे येते त्या प्रकारे फार थोड्यांना येत असेल, हे मी नम्रपणाने पण निश्चितपणे सांगू शकतो. विनंती म्हणजे रडगाणे नव्हे. विनंतीला कणा असावा लागतो. अर्जाचे पहिले वाक्य वाचून समोरच्या अधिकाऱ्याने खुर्चीत किंचित सरळ बसले पाहिजे. माझ्या अर्जांनी अनेकांना रजा मिळाली, कोणाची बायकामुले इकडे आली, कोणाचा इकामा, म्हणजे येथे राहण्याचा परवाना, तुटता तुटता जुळला. त्या अर्जांखाली सही त्यांची असते. माझे नाव कोठेही नसते. याचे मला वाईट वाटते असे नाही. परंतु ज्यांचे नाव कोठेही नसते अशा माणसांकडे माझे लक्ष आपसूक जाते, आणि मजीदकडे ते तसेच गेले.

मजीद हर्णैच्या बाजूचा. खैतान या उपनगरात एका मोटारदुरुस्तीच्या गॅरेजमध्ये टायर बसवतो. त्या काळी आम्ही खैतानच्या एकाच इमारतीत राहत होतो, तो माझ्या वरच्या मजल्यावर. गावी असताना तो टेनिसच्या चेंडूने खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक होता आणि आसपासच्या गावांत त्याचे नाव होते. येथे आल्यावर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, तो तेच करीत राहिला असता. परंतु गॅरेजमध्ये वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा रोडेल नावाचा एक फिलिपिनो तरुण होता, डावखुरा, हाडकुळा, लांब हातांचा. त्याच्या देशातल्या मंडळींनी येथे बेसबॉलचे संघ उभे केले होते आणि गॅरेजच्या संघात चेंडू फेकणारा रोडेल होता. त्याचा चेंडू झेलील असा माणूस मात्र त्यांच्यात नव्हता. एके दिवशी गॅरेजच्या अंगणात रोडेलने गंमत म्हणून एक जुना लोखंडी नट जोरात फेकला आणि मजीदने टायरवरून मान न उचलता तो हवेतच धरला. त्या नटाने त्या दोघांची गाठ घातली.

मी प्रथम त्या खेळाला फारसा मान दिला नाही. दांडका हातात धरून उभे राहायचे आणि चेंडू लागला की पळत सुटायचे, यात मला आपल्याकडच्या मुलांचा विटीदांडू दिसे. परंतु मी घडीची खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला बसू लागलो, आणि हळूहळू माझ्या ध्यानात आले की या खेळात एक जागा अशी आहे की जेथे बसणाऱ्याचे तोंड सगळ्या जगाच्या विरुद्ध दिशेला असते. बाकीचे सगळे खेळाडू एकीकडे पाहतात. दांडकेवाल्याच्या मागे, पायांवर उकिडवा बसलेला झेलणारा एकटाच त्या सर्वांकडे पाहतो. त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी, छातीवर कासवाच्या पाठीसारखे चिलखत, गुडघ्यांवर वाट्या. फेकणारा उंचवट्यावर उभा. सर्वांचे डोळे त्याच्यावर. चेंडू कसा टाकायचा ते मात्र हा मागचा सुचवतो. मांड्यांच्या मध्ये, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, तो बोटांनी खूण करतो. एक बोट म्हणजे सरळ आणि वेगवान. दोन म्हणजे खाली पडणारा. फेकणारा मान डोलावतो किंवा नाही म्हणून हलवतो. नाही म्हटले तर दुसरी खूण.

रोडेल मान फार हलवी. मजीद एक बोट दाखवी, हा नाही म्हणे. दोन दाखवी, हा नाही म्हणे. पुन्हा एक दाखवले की मग प्रसन्नपणे हो म्हणे. शेजारच्या पट्ट्यात क्रिकेट खेळणारी आमची कोकणातली मंडळी पाणी प्यायला आली की मजीदची थट्टा करीत.

“काय रे मजीद, पिंजऱ्यात बसलास? दाणे टाकू काय?”

“टाक ना,” मजीद जाळीतून म्हणे, “पन सरळ टाक. तुझ्या बॉलिंगसारखा वाईड नको टाकूस.”

पहिल्याच सामन्यात मात्र त्याने जी चूक केली ती क्रिकेटमध्ये वाढलेला माणूसच करू शकतो. रोडेलचा चेंडू दांडक्याची कड चाटून थेट मजीदच्या हातमोज्यात आला. त्याने काय करावे? गावी जे आयुष्यभर केले तेच. त्याने चेंडू आभाळात उडवला, दोन्ही हात वर करून पंचाकडे वळून असे गर्जून अपील केले की मैदानावरची कबुतरे उडाली. पण त्या खेळात अशा झेलाने लगेच कोणी बाद होत नाही आणि चेंडूही थांबत नाही. मजीद अपील करीत राहिला आणि त्याच्या पाठीमागे विरुद्ध संघाचे खेळाडू एकामागून एक घरी, म्हणजे दांडकेवाल्याच्या पायांशी असलेल्या पाटीपर्यंत, धावून आले. रोडेल उंचवट्यावर मटकन बसला. आम्हाला वाटले आता हा भांडेल. तो पोट धरून हसत होता. मग तो चालत मजीदजवळ आला, जमिनीवरचा चेंडू उचलून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “माज, धिस गेम, बॉल नो स्लीप.” या खेळात चेंडू झोपत नाही. मजीदला तो नेहमी माज म्हणे.

ते वाक्य मजीदने मनावर घेतले. त्यानंतर मी त्याच्या मागे चेंडू गेलेला क्वचितच पाहिला. त्याने बंदरावरच्या ओळखीच्या लोकांकडून मासेमारीची जुनी जाळी आणली, तिची भोके आपल्या हाताने विणून बुजवली आणि ती खांबांना बांधून प्रेक्षकांसाठी आडोसा केला; परंतु त्या जाळीपर्यंत चेंडू पोहोचू देणे हा तो स्वतःचा अपमान समजे. गावाहून आलेले खोबरेल तेल तो डोक्याला कमी आणि हातमोज्याला अधिक लावी. त्या मोसमात त्याच्या खोलीत गेले की नारळाचा आणि चामड्याचा मिळून एक वास येई. आजही कोठे खोबरेल तेल सांडले की मला रविवारचे न्हाणे न आठवता शुक्रवारचे मैदान आठवते.

येथे पांढऱ्या गाडीचा उल्लेख करणे मला भाग आहे. खेळ जेथे रंगतो तेथे पैसे लावणारे पोहोचतात, आणि या देशात तो गुन्हा आहे. पांढऱ्या गाडीतला मनुष्य मैदानात कधी उतरत नसे. काच थोडी खाली करून तो बसून राही, त्याच्याकडे लोक जात आणि बोलून परत येत. रोडेलला मैदानावरच्या पैजांत रस नव्हता. परंतु दूरदेशीच्या सामन्यांवर फोनवरून पैसे लावण्याची सवय त्याला जडली होती, आणि त्या सवयीच्या दुसऱ्या टोकाला हीच गाडी उभी होती. तो बुडाला. मग त्याला सांगण्यात आले की मोसमाचा शेवटचा सामना हर, म्हणजे तू मोकळा.

हे सर्व मला नंतर कळले. त्या शुक्रवारी मला फक्त इतकेच दिसत होते की हवा पडली आहे. एक पानही हलत नव्हते. उन्हाला रंग नव्हता, सावल्यांना कड नव्हती, अंगावरचा सदरा पाठीला चिकटत होता आणि तरीही प्रत्येकजण उगाचच क्षितिजाकडे पाहत होता. सरायात येण्यापूर्वी ती अशीच दबा धरून बसते. गॅरेजचा संघ एका धावेने पुढे होता. शेवटचा डाव चालू होता, एकच गडी बाद करायचा राहिला होता आणि विरुद्ध संघाचे गडी घराच्या वाटेवर दोन टप्प्यांवर उभे होते. मजीदच्या मागे एक चेंडू निसटला असता तर एक गडी घरी येऊन बरोबरी झाली असती. आणखी एक निसटला असता तर सामना गेला असता.

रोडेलने पहिला चेंडू टाकला तो दांडकेवाल्यापासून वावभर दूर, जमिनीत. मजीद आडवा झाला आणि तो छातीवर घेतला. दुसरा त्याहून दूर. मजीदने तो गुडघ्याने अडवला. लोक ओरडू लागले. मजीद उठला, जाळी डोक्यावर सरकवली आणि उंचवट्यापर्यंत चालत गेला. तो रोडेलच्या कानाशी काही बोलला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत येऊन बसला. रोडेलचा चेहरा मला माझ्या खुर्चीवरून दिसत होता. एखाद्याला धीर दिल्यावर चेहरा असा होत नाही.

त्यानंतरचे चेंडू मी विसरू शकत नाही. डावीकडे, उजवीकडे, डोक्यावरून, मातीतून. मजीद एखाद्या फुटक्या बांधावरच्या शेतकऱ्यासारखा जेथून पाणी घुसेल तेथे आपले अंग घालत होता. एक चेंडू त्याच्या उघड्या हाताच्या तर्जनीवर बसला. हाडाचा आवाज मी ऐकला. त्याने ते बोट काखेत दाबले, पुन्हा बसला, आणि दुसऱ्या बोटाने खूण केली. शेवटी दांडकेवाल्यालाच ते सहन झाले नाही. आवाक्याबाहेरचा एक चेंडू त्याने चिडून मारला, तो सरळ वर गेला, आणि मजीदने जाळी फेकून देऊन तो आभाळातून खाली येईपर्यंत त्याची वाट पाहिली. त्याने तो धरला आणि सामना संपला. त्याने अपील केले नाही.

सगळे धावत मजीदकडे गेले. सर्वांच्या शेवटी रोडेल आला. त्याने मजीदच्या सुजलेल्या बोटाकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, “व्हाय यू कॅच, माज?”

का पकडलास? एवढेच.

तेवढ्यात पांढरी गाडी प्रथमच मैदानात शिरली, तिच्यातला मनुष्य उतरला आणि त्याने सर्वांसमक्ष रोडेलची गचांडी धरली. कोण काय बोलले ते नीट ऐकू येण्याआधीच उत्तरेकडून तपकिरी भिंत चालत आली. सरायात आली. खुर्च्या उडाल्या, जाळीची एक बाजू सुटून फडफडू लागली, माणसे गाड्यांकडे पळाली. मी मजीदला दंडाला धरून ओढत नेले. त्या धुळीत तो मागे वळून वळून पाहत होता. तेथे दिसण्यासारखे काहीच उरले नव्हते.

दोन दिवसांत बातमी गॅरेजच्या मालकांपर्यंत गेली. त्यांना सर्वजण मुदीर म्हणत. ते वयस्क कुवेती गृहस्थ होते, गाड्यांपेक्षा उंटांत त्यांचे मन अधिक रमे आणि कायद्याच्या बाबतीत ते कडक होते. जुगाराशी संबंध असलेला माणूस आपल्या छपराखाली नको, रोडेलचा इकामा रद्द करून त्याला पहिल्या विमानाने परत पाठवा, असे त्यांनी सांगितले. त्याच दुपारी मजीद बोटाला पट्टी बांधून या टेबलासमोर उभा राहिला. दार आजच्यासारखेच आपटत होते.

“मुन्शीभाई, अर्ज लिवा.”

“कोणाचा?”

“माझा. मुदीरना. लिवा की रोडेलनं काय केलं नाय. वारा होता, म्हणून चेंडू इकडं तिकडं गेलं.”

मी लेखणी खाली ठेवली. “मजीद, मी तेथे होतो. सामना संपेपर्यंत वारा नव्हता.”

“तुमी होता, मुदीर नव्हतं.”

“मी घडले नाही ते लिहीत नाही. माझ्या अर्जावर या शहरात विश्वास आहे तो त्यामुळे.”

“मग काय करू मी? तो जायेल ना ओ!” त्याचा आवाज चिरकला. चाळिशी ओलांडलेला, टायर उचलून उचलून दगडासारखा झालेला हा मनुष्य माझ्यासमोर लहान मुलासारखा उभा होता.

मी त्याला बसवले. चहा मागवला. मग विचारले, “तुला केव्हा कळले?”

“पयल्या चेंडूच्या आधी,” तो म्हणाला. “मी एक बोट दाखवलं, तो हो म्हणाला. लगेच. तो कदी लगेच हो म्हणतो काय? त्याची मान दोनदा हलल्याशिवाय चेंडू सुटत नाय. त्या दिवशी जे दाखवलं त्याला हो, हो, हो. तवाच मना कळलं, ह्याचं लक्ष माझ्याकडं नाय. दुसऱ्या कुनाला तरी हो म्हणून आलाय.”

“आणि तू उंचवट्यावर जाऊन त्याला काय म्हणालास?”

“मी म्हटलं, कायपन टाक. मी हाय.”

एखाद्या मित्राला द्यावा असा याहून मोठा धीर नाही. आणि ज्याने हरण्याचे वचन दिले आहे त्याला याहून मोठी धमकी नाही. मजीदला त्यातले दुसरे माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. त्याने ते माहीत असूनच सांगितले असावे. निष्ठा म्हणजे मित्राच्या होकाराला होकार देत जाणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्यासमोर बसलेल्या माणसाने मित्राला त्याच्याच करारापासून अडवण्यासाठी आपले बोट मोडून घेतले होते आणि आता त्याला परदेशातून हाकलले जाऊ नये म्हणून तो माझ्याकडे वारा मागत होता.

मी वाऱ्याशिवाय अर्ज लिहिला. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते आणि ते कोठे थांबवायचे ते मी ठरवले होते. “अर्जदार सदर सामन्यात झेलण्याच्या जागी बसला होता. रोडेलने टाकलेला एकही चेंडू अर्जदाराच्या मागे गेला नाही. गॅरेजचा संघ विजयी झाला. ज्याला हरायचे असते त्याचा संघ जिंकलेला अर्जदाराने आजवर पाहिलेला नाही. रोडेल कष्टाळू असून तरुण आहे आणि तरुणाची चूक सुधारण्यास गॅरेजसारखी दुसरी जागा नाही.” मी वाचून दाखवले. मजीद म्हणाला, “खाली अजून एक ओळ लिवा. परत ह्यानं असं काय केलं तर मनापन त्याच विमानानं पाठवा.”

“ही ओळ मी लिहिणार नाही. तुझी मुलगी रत्नागिरीला नर्सिंग शिकते आहे. घर अर्धे बांधून झाले आहे. असा जामीन कोणी आपल्या भावासाठीही राहत नाही.”

“तुमी बोललात ना खरं तेच लिवता? हे खरं हाय. लिवा.”

मी लिहिले. पंचवीस वर्षे होत आली या व्यवसायात. कोणत्याही अर्जाने माझा हात त्या ओळीइतका जड केला नाही.

मुदीरांनी तो अर्ज मजीदसमोरच वाचला, आणि मजीदच्याच सांगण्याप्रमाणे त्यांनी चष्मा काढून एकच प्रश्न विचारला: तो हरण्यासाठी टाकत होता का? मजीदने पट्टी बांधलेले बोट वर केले आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, साहेब, माझे काम झेलण्याचे. जे आले ते झेलले. कसे आले ते आठवत नाही. मुदीर हसले म्हणे. रोडेल राहिला. त्याने मैदानावर पाऊल ठेवायचे नाही, आपण सांगेपर्यंत नाही, एवढी अट त्यांनी घातली. पांढरी गाडी त्यानंतर त्या भागात दिसली नाही. पोलिसांची फेरी तेथून होऊ लागली होती. तिचे आणि रोडेलचे पुढे कसे मिटले ते मी विचारले नाही.

आणि मग असे झाले की रोडेल मजीदशी बोलेनासा झाला. एकाच गॅरेजमध्ये, एक टायरजवळ, एक गाडीच्या उघड्या बॉनेटखाली. कामापुरते ‘पाना दे’, ‘गाडी मागे घे’. बाकी नाही. दुसरा कोणी त्यावर संतापला असता. मी स्वतः संतापलो होतो आणि तसे बोललोही.

“लाजतोय ओ,” मजीद म्हणाला. “येळ लागंल.”

लाज असेल. परंतु मला असेही वाटते की ज्याने आपल्याला बुडताना पाहिले आणि वाचवलेही, त्याच्या डोळ्यांत पाहणे हे मरणाहून फारसे सोपे नसते. कर्ज देणाऱ्याचे तोंड चुकवता येते. मजीदचे तोंड तर जाळीआड असे. तरीही रोडेल ते चुकवीत राहिला.

मजीद मात्र शुक्रवारी मैदानावर जातच राहिला. नवे फेकणारे आले, गेले. त्याचे ते बोट सरळ जुळले नाही. वरच्या पेराशी वाकडेच राहिले. त्यामुळे सरळ चेंडूची त्याची खूण वाकडी दिसे आणि ती तशीच समजून घ्यायला प्रत्येक नवा माणूस शिकला. गेल्या हिवाळ्यात मी त्याला विचारले, आता संघ चांगला जमला आहे ना? तो गुडघा चोळत म्हणाला, “जमलाय. पन मजा नाय, मुन्शीभाई. सगळे हो म्हणतात. बोट दाखवलं की हो. वयामुळं मान देतात. नाय म्हणनारा पायजे ओ. त्याशिवाय समोर मानूस हाय असं वाटत नाय.” आणि मग सहज म्हणाल्यासारखे म्हणाला, “ह्या उन्हाळ्याच्या आधी मी चाललो. कायमचा. गुडघे ऐकत नाय आता.”

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. वाऱ्याला मी निमित्त देतो, पण वारा आत्ता सुटला. बेचैनी हिवाळ्यापासूनची आहे. मला वाटे, हा मनुष्य असाच जाईल. विमानतळावर पेटी ढकलत जाईल, गावी घराच्या ओटीवर बसून वाकड्या बोटाने विडीची राख झाडील, आणि कोणाला कधी कळणार नाही की एका शुक्रवारी त्याने काय काय अडवले. गोष्ट सांगणारे सांगतील ती डावखुऱ्या फेकणाऱ्याची आणि पांढऱ्या गाडीची सांगतील. मागे बसलेला त्यांच्या गोष्टीत एका वाक्यात येईल आणि जाईल.

म्हणून परवा दार उघडून रोडेल आत आला तेव्हा मी उभा राहिलो. मी कोणासाठी सहसा उभा राहत नाही. त्याच्या केसांत पांढरे आले होते, भुवयांवर धूळ होती. त्याने टोपी काढून हातात धरली.

“सर, यू राइट लेटर फॉर मी. टू मुदीर. आय वाँट प्ले. वन गेम ओन्ली.”

“एकच सामना? आणि इतक्या वर्षांनी?”

“माज गोइंग,” तो म्हणाला. “यू राइट, सर: कॅचर माज. नो माज, नो नीड.”

“त्यालाच जाऊन का सांगत नाहीस? तो तुझ्यापासून हाताच्या अंतरावर टायर बदलत असतो,” मी हिंदीत विचारले.

तो टोपी फिरवीत राहिला. “व्हॉट आय से टू हिम, सर?”

मी अर्ज लिहायला घेतला, आणि तोच अर्धवट राहिलेला हा कागद. हे लिहायला बसलो त्या दिवशी, दार आपटत असताना, मी तो पुरा केला. त्यात कणा आहे. सही रोडेलने केली आणि तो स्वतःच्या हाताने घेऊन गेला.

मुदीर आता फार थकले आहेत. त्यांनी अर्ज ऐकून घेतला, मजीदला बोलावून त्याच्याकडे पाहिले आणि मान डोलावली, असे कळले. मजीदला कोणी काही सांगितले नाही. त्याला इतकेच सांगितले की शुक्रवारी फेकणारा नवीन आहे.

हे लिहिता लिहिता शुक्रवार आला आणि गेला. मी घडीची खुर्ची घेऊन गेलो होतो. क्षितिज पिवळे झाले होते, बंदरावरची ती जुनी जाळी खांबांवर धपापत होती आणि सामना संपण्याआधीच सरायात येणार हे लहान मुलालाही कळत होते. मजीद उकिडवा बसला होता, हातमोज्यात मूठ आपटून चामडे मऊ करीत. उंचवट्यावर टोपी खाली ओढून कोणी एक आला. त्याने माती पायाने सारखी केली आणि डावा हात पाठीमागे नेला. मजीदची मूठ मध्येच थांबली.

दांडकेवाला कंटाळून हवेत दांडके फिरवू लागला. मग मजीदने मांड्यांच्या मध्ये हात नेला आणि ते वाकडे बोट दाखवले. रोडेलने ते बोट पाहिले. ते मोडले तेव्हाचे सोडले तर त्याने ते असे, खूण म्हणून, प्रथमच पाहिले असावे. तो इतका वेळ पाहत राहिला की मी खुर्चीच्या कडेवर आलो. या माणसाने आता कृतज्ञतेने हो म्हणू नये, अशी माझी त्या क्षणी एकच प्रार्थना होती.

रोडेलने मान हलवली. नाही.

मजीदने दोन बोटे दाखवली. रोडेलने पुन्हा मान हलवली. नाही.

कासवाच्या पाठीसारखे ते चिलखत गदगद हलू लागले. मजीदने जाळी डोक्यावर सरकवली, खेळ थांबवला, पंच ओरडला त्याकडे लक्ष दिले नाही आणि मागे वळून, धूळ आमच्या दोघांवर येऊन पडण्याच्या नेमक्या आधी, मला हाक मारली.

“बगितलंत काय, मुन्शीभाई? नाय म्हणतो! नाय म्हणतो!”